तीन फुलपाखरं आणि मागे राहिलेली देदे

२५ नोव्हेंबर जवळ आला की गटांच्या बैठकांत एक विषय निघतो. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचा पंधरवडा. २५ नोव्हेंबरला सुरू होतो, १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाला संपतो. कुठे फेरी निघते, कुठे पथनाट्य होतं, कुठे शपथ घेतली जाते. पण हीच तारीख का, असं कुणी विचारलं तर आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहतो. ८ मार्च बहुतेकींना माहीत असतो. २५ नोव्हेंबरच्या मागे चार बहिणींची गोष्ट आहे. आज आम्ही ती सांगणार आहोत. आणि नेहमी जिथून सांगतात तिथून न सांगता, जरा घराच्या आतून सांगणार आहोत.

गोष्ट आपल्यापासून फार लांबची आहे. अमेरिका खंडाच्या मधोमध कॅरिबियन समुद्र आहे. त्यात एक मोठं बेट आहे. त्या बेटाच्या एका भागात हैती हा देश आणि दुसऱ्या भागात डोमिनिकन रिपब्लिक. बोली स्पॅनिश, धर्म बहुतेकांचा ख्रिस्ती. पण शेती पाहिली तर ओळखीची वाटेल. मैलोन्‌मैल ऊस आणि साखर कारखाने. उत्तरेकडच्या खोऱ्यात काळी, कसदार जमीन, तिथे भात, तंबाखू, कॉफी आणि कोको. त्या खोऱ्यात साल्सेदो नावाचं गाव आहे आणि त्याच्या जवळ ओहो दे आग्वा नावाची वाडी. या नावाचा अर्थ पाण्याचा झरा. तिथे एनरिके मिराबाल आणि त्याची बायको मेर्सेदेस राहत. स्वतःची शेती, गावात दुकान, कॉफी-कोकोचा व्यापार. खाऊन-पिऊन सुखी, गावात मान असलेलं घर. मुलगा नव्हता, चार मुली होत्या.

थोरली पात्रिया, जन्म १९२४. देशाच्या स्वातंत्र्यदिनी जन्मली म्हणून नाव ठेवलं पात्रिया, म्हणजे मायभूमी. दुसरी देदे, १९२५ ची. तिसरी मिनर्व्हा, १९२६ ची. आणि शेंडेफळ मारिया तेरेसा, १९३५ ची. आईला जेमतेम अक्षरओळख होती, पण मुलींनी शिकावं ही घरात इच्छा होती. मुली शहरातल्या नन लोकांच्या शाळेत राहून शिकल्या.

आता त्या देशाचा कारभार कसा होता ते सांगायला हवं. १९३० साली राफाएल त्रुहियो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली आणि पुढची ३१ वर्षं सोडली नाही. कधी स्वतः राष्ट्राध्यक्ष, कधी आपल्या माणसाला खुर्चीवर बसवून मागून कारभार. देशाच्या राजधानीला त्याने स्वतःचं नाव दिलं. सगळ्यात उंच डोंगरालाही स्वतःचं नाव. घराघरात त्याची तसबीर असायची आणि या घरात त्रुहियोच प्रमुख, अशी पाटी लावलेली असायची. मीठ, दूध, साखर, जे म्हणून विकलं जातं त्यात त्याचा आणि त्याच्या नातेवाइकांचा हिस्सा. १९३७ मध्ये त्याच्या हुकुमाने हजारो हैतियन मजुरांची कत्तल झाली. लोकांवर पाळत ठेवायला गुप्त पोलीस होते. ते काळ्या फोक्सवॅगन गाड्यांतून फिरत. रात्री अशी गाडी दारावरून गेली की माणसं श्वास रोखून बसत.

आणि हा हुकूमशहा बायकांच्या बाबतीतही बदनाम होता. मुलगी नजरेत भरली की तिच्या घरी आमंत्रण जाई. अशा आमंत्रणाला नाही म्हणायची सोय नसे.

मिनर्व्हा ही बहिणींमधली धीट. शाळेत असतानाच तिला मैत्रिणींकडून कळलं होतं की या राजवटीत कुणाकुणाचे बाप मारले गेले. तिला कायदा शिकायचा होता. बापाला भीती वाटली, पोरगी शहरात जाऊन काहीतरी बोलेल आणि घरावर संकट आणेल. त्याने तिला काही वर्षं घरीच ठेवलं. आपल्याकडे बाप म्हणतो ना, बाई, तुझं शिक्षण नको पण तुझी जीभ आवर, तसंच.

१९४९ सालचा ऑक्टोबर महिना. त्रुहियोच्या मेजवानीचं आमंत्रण मिराबाल घरी आलं. घरचे गेले. त्रुहियो मिनर्व्हाबरोबर नाचला, लगट करू लागला. तिने त्याला दाद दिली नाही. पाऊस आला, आणि त्या गडबडीत मिराबाल मंडळी मेजवानीतून लवकर निघून आली. हुकूमशहा उठायच्या आधी कुणी उठायचं नाही, असा तिथला दंडक होता. एवढं निमित्त पुरलं.

इथून पुढे काय झालं ते नीट ऐका. अपमान केला मिनर्व्हाने, असं त्रुहियोला वाटलं. पण पहिल्यांदा तुरुंगात गेला तो बाप. मिनर्व्हाला राजधानीत नेऊन अडकवून ठेवलं, तिच्याबरोबर आईलाही. ओळखीपाळखी लावून सुटका झाली, पण १९५१ मध्ये पुन्हा तेच. गावात लोक त्यांच्या घरी यायला कचरू लागले. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ते आधी इकडे-तिकडे बघणार. बाप तब्येतीने खचला तो खचलाच. १९५३ मध्ये तो वारला.

मैत्रिणींनो, जुलमी सत्तेची ही जुनी रीत आहे. जो बोलतो त्याला गप्प करायचं असेल तर त्याच्या म्हाताऱ्या आईबापाला धरायचं, भावाची नोकरी घालवायची, बहिणीच्या सासरी निरोप पाठवायचा. मग घरातलीच माणसं त्याला म्हणतात, बाबा रे, तुझ्यापायी आम्हाला का भोगायला लावतोस? एका माणसाचा लढा घरातल्या घरातच भांडण होऊन बसतो. सत्तेला वेगळं काही करावं लागत नाही.

मिनर्व्हा मात्र थांबली नाही. बाप गेला त्याच्या आदल्या वर्षी ती राजधानीच्या विद्यापीठात कायदा शिकू लागली होती. मध्येच तिचा प्रवेश अडवला गेला, पण तिने शिक्षण पुरं केलं. १९५७ मध्ये पदवी मिळाली. वकिलीची सनद मात्र तिला नाकारली गेली. इतकी वर्षं घालवून हातात नुसता कागद. त्याच काळात तिने मानोलो तावारेस या वकिली शिकलेल्या तरुणाशी लग्न केलं. तोही राजवटीच्या विरोधातला. मिनू आणि मानोलितो ही दोन मुलं झाली.

धाकटी मारिया तेरेसा मिनर्व्हाच्या मागोमाग विद्यापीठात गेली. ताईचा शब्द तिला प्रमाण. तिने लेआंद्रो गुस्मान या इंजिनिअरशी लग्न केलं, जॅकलीन ही मुलगी झाली. हळूहळू तीही चळवळीत ओढली गेली.

थोरली पात्रिया वेगळ्या स्वभावाची. देवभोळी, घरात रमणारी. लवकर लग्न झालेली, नवरा पेद्रो शेतकरी, तीन मुलं. तिला राजकारणाशी काय देणंघेणं? पण १४ जून १९५९ ला देशाबाहेर गेलेल्या तरुणांची एक तुकडी त्रुहियोला उलथवायला परत आली. ती चिरडली गेली. पकडलेल्या पोरांचे हाल करून मारलं. आपल्या मुलाच्या वयाची पोरं अशी मेलेली ऐकून पात्रिया हलली. त्या तरुणांची आठवण म्हणून जी गुप्त संघटना उभी राहिली, तिचं नावच १४ जून चळवळ असं पडलं. १९६० च्या जानेवारीत तिची एक पहिली बैठक झाली ती पात्रियाच्या घरी. मानोलो चळवळीचा अध्यक्ष झाला. मिनर्व्हाचं गुप्त नाव होतं मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू. पुढे तिघी बहिणींना लोक फुलपाखरं म्हणू लागले.

म्हणजे बघा, एकीपासून सुरुवात झाली आणि दहा वर्षांत तिघी त्यात होत्या. काही घरात बहीण बहिणीला मागे ओढते, काही घरात बहीण बहिणीला पुढे नेते. मिराबालांच्या घरात दोन्ही झालं.

कारण चौथी होती देदे. देदे चळवळीत गेली नाही. तिच्या नवऱ्याचा विरोध होता. तीन मुलगे, संसार, आणि नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही ही त्या काळची चाल. बहिणी काय करतात ते तिला माहीत होतं, त्यांची बाजू तिला पटत होती, पण ती बैठकीला बसली नाही. तिच्याविषयी पुढे पुष्कळ बोललं गेलं. ती घाबरली, ती मागे राहिली, असं. त्यावर आपण नंतर बोलू.

१९६० च्या जानेवारीतच चळवळीचा सुगावा लागला आणि धरपकड झाली. मानोलो, लेआंद्रो, पेद्रो, तिन्ही जावई तुरुंगात. पात्रियाचा थोरला मुलगा नेल्सन, मिसरूड फुटायच्या वयाचा, त्यालाही उचललं. मिनर्व्हा आणि मारिया तेरेसा यांना अटक झाली. छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या तुरुंगात त्यांना ठेवलं. चर्चच्या बिशपांनी त्याच महिन्यात राजवटीला विरोध करणारं पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचायला लावलं. फेब्रुवारीत बायकांना सोडलं, मे महिन्यात पुन्हा दोघींना धरलं आणि शिक्षा सुनावली. ऑगस्टमध्ये परदेशातून दबाव वाढला, तेव्हा त्या सुटल्या. सुटल्या म्हणजे काय, तर घराभोवती पहारा, जाण्या-येण्यावर बंधनं.

मालमत्तेवर टाच आली. पात्रियाचं राहतं घर गेलं. तिघी बहिणी मुलाबाळांना घेऊन माहेरी आईजवळ येऊन राहिल्या. आता माहेर म्हणजे एक म्हातारी विधवा आई, तीन लेकी, पाठीला लागलेली लहान पोरं, आणि दारात पहारेकरी. शिवणकाम करून चार पैसे मिळवायचे, तुरुंगात डबा पाठवायचा, पोरं आजारी पडली तर औषधपाणी बघायचं. इतिहासाच्या पुस्तकात या दिवसांविषयी एखादी ओळ असते. आपल्याला मात्र ते दिवस न सांगता कळतात. घरातला पुरुष आत गेला की बाहेरच्या बाईचा दिवस किती लांब होतो हे बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही.

मग एक गोष्ट घडली. मानोलो आणि लेआंद्रो यांना राजधानीच्या बाजूच्या तुरुंगातून उत्तरेला पुएर्तो प्लाता या बंदरगावच्या तुरुंगात हलवलं. भेटायला जायचं तर डोंगरातला, वळणावळणाचा एकाकी रस्ता. हा सापळा आहे, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. आई नको म्हणत होती. गाडी चालवायला माणूस मिळेना. रुफिनो दे ला क्रूझ नावाचा ओळखीतला माणूस तयार झाला.

२५ नोव्हेंबर १९६०, शुक्रवार. मिनर्व्हा आणि मारिया तेरेसा नवऱ्यांना भेटायला निघाल्या. पात्रियाचा नवरा त्या तुरुंगात नव्हताच. तरी बहिणींना एकटं कसं सोडायचं म्हणून तीही निघाली. भेट झाली. परतीच्या वाटेवर त्रुहियोच्या गुप्त पोलिसांनी जीप अडवली. तिघी बहिणींना आणि रुफिनोला वेगवेगळं नेऊन मारून टाकलं. मग प्रेतं जीपमध्ये घालून जीप दरीत ढकलली. दुसऱ्या दिवशी बातमी आली, अपघात झाला. पात्रिया ३६ वर्षांची होती, मिनर्व्हा ३४, मारिया तेरेसा २५. फेऱ्यांमधून तिघींचं नाव घेतलं जातं. रुफिनोचं नाव बहुतेक वेळा राहून जातं. गरीब ड्रायव्हर होता तो. आपण ते घेऊ.

अपघातावर कुणाचा विश्वास बसला नाही. आजवर गप्प राहिलेली माणसंही चिडली. सहा महिन्यांनी, ३० मे १९६१ ला, त्रुहियो स्वतःच्याच देशातल्या माणसांच्या गोळ्यांना बळी पडला. ३१ वर्षांची राजवट संपायला लागली.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. आम्हाला इथून पुढे सांगायचं आहे.

तिघी गेल्या, तेव्हा त्यांची मिळून सहा मुलं मागे राहिली. मिनू चार वर्षांची, जॅकलीन तर दोन वर्षांचीही नव्हती. त्यांचे बाप तुरुंगात. ही पोरं कुणी वाढवली? आजीने आणि देदेने. देदेचे स्वतःचे तीन मुलगे. घरात नऊ पोरं. कुणी रात्री आई मागतंय, कुणी शाळेत मारामारी करून येतंय, कुणी गप्पच बसतंय. नवरे सुटून आले. मिनूचा बाप मानोलो बाहेर आला, निवडून आलेलं सरकार लष्कराने पाडलं म्हणून पुन्हा डोंगरात लढायला गेला आणि १९६३ च्या डिसेंबरात मारला गेला. मिनू आणि मानोलितो यांना आई नव्हतीच, आता बापही गेला.

मारेकऱ्यांवर १९६२ मध्ये खटला चालला, मोठ्या शिक्षा झाल्या. पण १९६५ मध्ये देशात यादवी माजली, त्या गोंधळात ते तुरुंगातून निसटले. न्याय कागदावर राहिला. जिच्या तीन बहिणी गेल्या तिने यावर काय करायचं? देदेने सूडाची भाषा पोरांच्या कानावर पडू दिली नाही असं नाही म्हणता येणार, घरात काय काय बोललं गेलं असेल ते त्या घरालाच ठाऊक. पण ती पोरं कशी वाढली ते सगळ्या जगाने पाहिलं. मिनू पुढे संसदेत निवडून गेली, परराष्ट्र खात्यात उपमंत्री झाली. तुरुंगातून आणि दुराव्यातून आईबापांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं तिने पुढे छापून प्रसिद्ध केली. देदेचा मुलगा हाइमे दाविद १९९६ ते २००० या काळात देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता. ज्या घराला सरकारने धुळीला मिळवायचं ठरवलं, त्या घरातली पोरं सरकारात बसली.

आणि देदेने आणखी एक काम केलं. तिने वस्तू जपल्या. बहिणींचे कपडे, भरतकाम, भांडी. मारिया तेरेसाची लांब वेणी होती. तिच्या प्रेताची वेणी देदेने कापून ठेवली. १९९४ मध्ये आईच्या त्याच घरात, जिथे बहिणी शेवटचे महिने राहिल्या, संग्रहालय सुरू झालं. ती वेणी तिथे आजही बघायला मिळते. लोक यायचे, देदे बागेत बसून त्यांच्याशी बोलायची. तुम्ही कशा वाचलात, असं तिला हजारदा विचारलं गेलं. तिचं उत्तर साधं असे. ही गोष्ट सांगायला कुणीतरी उरायला हवं होतं. १ फेब्रुवारी २०१४ ला, ८८ वर्षांची होऊन ती गेली.

आता तारखेचं. १९८१ मध्ये कोलंबिया देशात बोगोता शहरी लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जमल्या आणि त्यांनी २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचा दिवस ठरवला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तो जगासाठी मान्य केला. म्हणजे सरकारांनी वरून दिलेला हा दिवस नव्हे, बायकांनी १८ वर्षं आधीच पाळायला सुरुवात केलेला दिवस आहे. त्रुहियोने राजधानीत स्वतःच्या गौरवासाठी एक उंच स्तंभ बांधला होता. त्यावर आता या बहिणींची चित्रं आहेत.

मैत्रिणींनो, आम्हाला या गोष्टीतून एक प्रश्न पडतो आणि तो आपल्या गावचा आहे. गटातली एखादी बाई दारूबंदीसाठी उभी राहते. एखादी रेशनच्या धान्याचा हिशेब ग्रामसभेत मागते. एखादी पुतणीच्या मारहाणीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जाते. आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. पण दुसऱ्या दिवशी तिच्या दिराला कामावरून काढतात. तिच्या भावाला कुणीतरी चौकात गाठतं. जाऊ म्हणते, तुझ्या पुढारपणापायी आमचा चुलीवरचा तवा उतरला. अशा वेळी ती बाई दोन्हीकडून एकटी पडते. आणि तिची जाऊ काही वाईट नसते. ती घाबरलेली असते, आणि तिच्या पदरात पोरं असतात.

आम्हाला वाटतं, बोलणारी आणि न बोलणारी यांना आपण फार लवकर शूर आणि भित्री अशा दोन ओळींत उभं करतो. मिनर्व्हा नसती तर त्या देशात ठिणगी पडली नसती, हे खरंच आहे. पण देदे नसती तर मिनर्व्हाची मुलं कुठे गेली असती? आणि आपल्याला ही गोष्ट कळली तरी असती का? एक बाई मोर्च्यात जाते तेव्हा तिची गाय कुणीतरी दुसरी धुते. तिचंही नाव रजिस्टरात असायला हवं.

त्याच वेळी आणखी एक खरं आहे. देदेला जायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिचा तिला होता, असं आपल्याला म्हणता येत नाही. तो नवऱ्याचा शब्द होता. स्वतः विचार करून घरी राहणं वेगळं आणि जाऊ दिलं नाही म्हणून राहणं वेगळं. हा फरक आपण आपल्या घरातही बघितला पाहिजे.

यंदाच्या २५ नोव्हेंबरला फेरी काढालच. त्याबरोबर बैठकीत एक काम करा. गटातल्या कुणी काही प्रश्न हाती घेतला असेल तर आधीच ठरवा. ठाण्यात, तहसीलला, कोर्टात तिच्यासोबत कोण जाईल. एकटीला पाठवायचं नाही. तिची पोरं संध्याकाळी कुणाकडे जेवतील. तिच्या सासूशी, जावेशी, नवऱ्याशी कोण बोलायला जाईल, आणि संकट आल्यावर नव्हे, आधीच जाईल. घरच्यांचं काम सुटलं, मजुरी बुडाली तर गटातून काय मदत होईल. आणि काय काय घडलं, कुठल्या तारखेला घडलं, हे वहीत कोण लिहून ठेवेल. मिराबाल घराला गाव घाबरून टाळत होतं, म्हणून त्या घराला सगळं एकट्याने सोसावं लागलं. आपल्या गटातल्या बाईच्या घराला तसं सोसावं लागू नये, एवढं दहा-पंधरा बायकांना मिळून नक्की करता येतं.

आणि शपथ घेताना नावं घ्या. पात्रिया, मिनर्व्हा, मारिया तेरेसा. रुफिनो. त्यांची आई मेर्सेदेस. आणि देदे.